मोडाच्या वालांचं काय झालं

पौर्णिमा,

कुणालाच पटणार नाय, पण सकाळी पार उंबरमाळीहून एक वांदर आपल्या स्वयंपाकघरात आला, पोरांच्या अभ्यासाचे ओल्या फडक्यातले वाल उचलले आणि मला रामराम करून गेला. मोड रोज दोऱ्याने मोजून वहीत लिहायचे होते, ठाऊक आहे. ओरडू नकोस. किन्हवलीहून नवे वाल घेऊन दुपारच्या गाडीने येतो.

पण सूनबाई, तुझ्या या घरच्या शाळेने मला वैताग आणलाय. एक पुस्तक म्हणतं, आधी चिखलाची अक्षरं करा. दुसरं म्हणतं, अक्षरांना हातच लावू नका, चिंचोके मोजा. तिसरं म्हणतं, नुसत्या गोष्टी सांगा. तीन पुस्तकं झाली, आपली हेतल सहा वर्षांची झाली, तरी एक ओळ वाचत नाय. जूनमध्ये तिला गावच्या शाळेत घाल. माझं हे शेवटचं सांगणं.

थांब. ती माझ्या पाठीमागे उभी राहून, या कागदावर बोट फिरवत पहिल्या ओळीपासून अक्षरं जुळवतेय. आणि आता मोठ्याने ओरडली:

"आजोबा, वांदर काय वाल सोलतो? सालं चुलीपाशी हायत, नि बिरडं तुमच्या मिशीला लागलंय!"