गिलासभर पाणी न सांडवणारी गाडी

नेहरू नगर, भिलाई
रविवार, सकाळ

प्रिय देवरावदादाले रुक्माचा जयभीम, अन् पंचफुलावहिनीले दोन वेळा, कारण माह्या वाट्याचं तुले ऐकवायचं काम तिलेच करा लागते.

इकडं आम्ही दोघंही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे अन् प्रेरणाचे बाबा विचारलं की बरा आहे म्हणतात. तुह्या शुगरचं विचारते, पण उत्तर देऊ नोको. तू गुळाचा चहा पिऊन राहिला अन् गूळ म्हणजे साखर नाही असं सगळ्या गल्लीले समजावून राहिला, हे वहिनीनं मले सांगतलं आहे. तुह्या नूतनचं लग्न अठरा दिवसांवर आलं. पोरीले म्हणा उन्हात फिरू नोको, अन् मेहंदीवालीले आधीच सांगून ठेव. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नोको. फोन काऊन नाही केला म्हणशील, तं आमच्या घराले दोन खोल्या, समोरच्या खोलीत हे पडून असतात अन् भिंतीतून सगळं ऐकतात. लिहिलेलं ऐकू येत नाही. मले तुले काही मागायचं नाही. फक्त मधल्या दिवसांत काय झालं तेवढं कळवते.

तुले माहीत आहे, यायनं एकतीस वर्ष प्लांटात क्रेन चालवली. साठ फूट वर केबिनीत बसायचं अन् खाली वितळलेल्या पोलादानं भरलेलं लाडल (म्हणजे तुह्या बैठकीएवढी बादली समज) एका टोकापासून दुसऱ्या टोकाले न्यायचं. खाली माणसं उभी. एक थेंब सांडला तं खालच्याचं काय होते ते मी इथं लिहीत नाही. एकतीस वर्षांत यायच्या हातून थेंब सांडला नाही. अन् रिटायर झाल्यावर दोन फुटाच्या स्टुलावर चढून कूलरची जाळी काढत होते, तिथून पडले. कंबरेचं ऑपरेशन झालं त्याले दोन वर्ष होतील. आता चालतात, बसतात, पण हिसका चालत नाही. जरासा धक्का बसला की चार दिवस आडवे. रेल्वेचा जिना नाही, बस नाही, ऑटोचं तं नावच नोको.

राहिली गाडी. प्रेरणाची बिलासपूरले बदली झाली तेव्हा ती आपली जुनी ऑटोमॅटिक कार आमच्या दारात ठेवून गेली. मीच चालवते. क्लचची गाडी मले जमत नाही, पाय ठेवला की उचलायचं ध्यान राहत नाही. हिच्यात दोनच पट्ट्या, एक जायची अन् एक थांबायची, तेवढं चौथीवालीले पुरते. पण ह्या गाडीची खोड अशी की गिअर स्वतःच बदलते अन् बदलताना मागून ढकलते, जसं रांगेतला मागचा माणूस खिडकी उघडल्यावर ढकलते. पहिल्यातून दुसऱ्यात एक धक्का, दुसऱ्यातून तिसऱ्यात एक. इथून नागपूर पावणेतीनशे किलोमीटर, किती धक्के होतात ते तू मोज.

तरी नूतनचा फोन आला तेव्हा यायनं नाही म्हटलं नाही. ती नववी-दहावी आमच्याकडं होती, हायवेच्या कडेले यायनंच तिले सायकल शिकवली. ती म्हणाली, आतोबा, तुम्ही नाही आले तं मी मंडपात येणार नाही. हे म्हणाले, पाठीनं हो म्हटलं तं येतो. आता हा पाठीचा बहाणा होता की आणखी कशाचा, ते तुले मी काऊन सांगू, तुले माहीत आहे. पण मी धरून बसली की पाठीनं हो म्हटलंच पाह्यजे.

मिस्त्रीले गाडी दाखवली. तो म्हणे गिअरबॉक्स धडधाकट आहे, त्याच्यातलं सॉफ्टवेअर जुनं झालं, ते नवीन भरा लागते. प्रेरणानं फोनवर शोधून सांगतलं की कुम्हारीले पीयूष म्हणून एक जण आहे, तो गाडीले लॅपटॉप जोडून इंजिन अन् गिअर दोन्ही सुधारून देते. गेली. तीस-बत्तीसचा, दाढी राखलेला, बोलायले गोड. स्टेरिंगच्या खाली एक खाच असते, त्याच्यात वायर घातली अन् पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा दाखवल्या, दवाखान्यात छातीची पट्टी काढतात तशा. मंग विचारत बसला. गाडी शहरात चालते की हायवेवर, कोण चालवते, मागं कोण बसते, आंटी आपको कैसा फील चाहिए. माही तुरीची डाळ घरी भिजत होती. पाचव्या सवालाले मी म्हटलं, बेटा, जो सबका करते हो वही कर दो.

दादा, हे एक वाक्य मी बोलली अन् त्याचे चटके दुसऱ्यानं सोसले. त्याच्याकडं येणारे सगळे पोट्टे. सगळ्याइले एकच पाह्यजे, पिकअप. त्यानं सगळ्याइचं केलं तेच माहं केलं. निघाली तं वाटलं गाडी हलकी झाली, मी खूश. दुसऱ्या दिवशी यायले व्यायामवाल्या डॉक्टरकडं घेऊन निघाली. सिग्नल हिरवा झाला, मी पाय टेकवला न टेकवला, गाडी अशी सुटली जसं दावं तुटलेलं गोऱ्हं. वरून गिअर बदलला तो लाथ घातल्यासारखा. मी आरशात पाह्यलं तं मागच्या सीटवर यायनं दरवाजावरची मूठ धरलेली होती अन् बोटं पांढरी पडली होती. मी विचारलं, लागलं का. म्हणाले, समोर पाहा.

चार दिवस सपाट पडून होते. पाचव्या दिवशी मी पाठ शेकून राहिली होती तं तोंड भिंतीकडं करून म्हणाले, रुक्मा, नूतनले माह्याकडून तूच भेटून ये. मी त्यायच्यावर चिडली. चिडायचं होतं स्वतःवर, पण समोर हेच होते.

मंगळवारी त्यायले कंबरेचा पट्टा बांधून समोरच्या सीटवर बसवलं अन् बैलगाडीच्या चालीनं कुम्हारीले नेलं. मागं ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू दिले. पीयूषले मी काय बोलली ते लिहीत नाही, त्याले मराठी समजत नाही तरी समजलं. हे मात्र शांत. त्याले म्हणाले, तुमने क्या बदला, दिखाओ. त्यानं रेघा दाखवल्या. यायनं चष्मा लावून खूप वेळ पाह्यलं अन् विचारलं, गिअर बदलते तेव्हा इंजिन काय करत राह्यते? तो म्हणे, खिंचता रहता है अंकल, तभी तो पिकअप आता है. हे म्हणाले, हेच तं चुकते.

मंग त्याले क्रेन सांगतली. लाडल उचलायचं तं एकदम उचलत नाही. आधी दोराचा ढील काढायचा, वजन हळूच हातात घ्यायचं, वजन आपलं झालं की मंग वर. ठेवतानाही तसंच. जोर चालू असताना पकड बदलली तं आतलं पोलाद हेलकावा खाते. तुह्या गाडीतही एक गिअर सोडून दुसरा धरायचा आहे, त्या क्षणाले इंजिनाचा जोर जरा सैल कर, दुसऱ्या गिअरनं वजन घेतलं की परत दे. पीयूषनं लॅपटॉप जवळ ओढला. म्हणे, अंकल, हो जाएगा. अब तक किसी ने माँगा नहीं.

आता माहं पाप ऐक. सॉफ्टवेअर भरायले वीस मिनिटं लागतात अन् तेवढ्यात चाबी हलवायची नसते, त्यानं तीनदा सांगतलं. मी गाडीतून पाण्याची बाटली काढायले गेली अन् उतरताना सवयीनं चाबी काढून पदराले बांधली. (तिजोरीची, घराची, गाडीची, सगळ्या चाब्या माह्या पदराले असतात, तुले माहीत आहे. बाईनं चाबी मागं सोडू नये असं मायच सांगायची.) पडदा लाल झाला. गाडी मेली. ना दिवा, ना आवाज. पीयूष खाली फरशीवर बसला. हे त्याले म्हणाले, इसको मैंने कभी क्रेन पे चढ़ने नहीं दिया, अब समझा क्यों? दोन वर्षांत पहिल्यांदा यायनं माही चेष्टा केली, म्हणून मी उलटून बोलली नाही.

नशीब, त्या पोरानं गाडीचं मूळचं सगळं आधीच उतरवून ठेवलं होतं. दोन तास लागले पण गाडी जिवंत झाली. मंग खरं काम सुरू झालं. यायनं चहाच्या टपरीवरून स्टीलचा गिलास मागवला, काठोकाठ पाणी भरलं, पीयूषले मागच्या सीटवर बसवून त्याच्या हातात दिला. मी चालवायची, हे समोर. भिलाई-3 कडं जाणाऱ्या सर्व्हिस रोडवर. पहिल्या फेरीत अर्धा गिलास पोराच्या पँटवर. परत लॅपटॉप. दुसऱ्या फेरीत पाव. परत लॅपटॉप. तिसऱ्या फेरीत हे माह्यावर घसरले, की मशीन सुधरून राहिली, तुहा पाय कधी सुधरते. पाय असा ठेव जसा झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवतो. दादा, तेहेतीस वर्ष झाली लग्नाले, ह्या माणसाच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. पाय आपोआप हलका झाला. पीयूष म्हणे, अंकल, पिकअप थोड़ा जाएगा. हे म्हणाले, जाने दो, उसका यहाँ कोई काम नहीं.

नऊ फेऱ्या झाल्या. नवव्या फेरीत गिअर बदलला ते मले इंजिनाच्या आवाजानं कळलं, अंगाले कळलं नाही. पाण्यावर फक्त गोल रेघ उठली अन् विरली. पीयूष गिलासाकडं असा पाहत होता जसा त्यानंच पाणी बनवलं. यायनं म्हटलं, ठीक. प्लांटात लोकं ह्या एका शब्दासाठी वर्षवर्ष थांबत. मंग यायनं गिलास आपल्या हातात घेतला, कुम्हारीपासून घरापर्यंत तसाच धरून आणला, अन् दारात उतरल्यावर उभ्यानं पिऊन टाकला. आत जाता जाता विचारलं, नागपूरले किती तास लागतात?

मी म्हटलं, सहा. मोरीत जाऊन नळ मोठा सोडला अन् तोंड धुतलं.

तं आम्ही येऊन राहिलो. एवढंच कळवायचं होतं. वहिनीले नमस्कार, नूतनले मंगलकामना, अन् तुह्या शुगरले काहीच नाही.

तुही लहान बहीण,
रुक्मा

ता.क. झोपायले खालच्या खोलीत लाकडी तख्त लाव. नरम गादी नोको.

ता.क. दुसरा. आता कामाचं. इथून नागपूरपर्यंत रस्त्यावर जेवढे ब्रेकर आहेत ते मी हळू काढीन. पण तुह्या दारासमोरचा जो तू सात वर्षांपूर्वी स्वतःच्या सिमेंटानं घातला, तो ब्रेकर नाही, भिंत आहे. तो बांधणाऱ्या गुलाबराव मिस्त्रीनं त्याले उतार दिलाच नाही. यायची मोटरसायकल तुह्या नव्या रंगाच्या फाटकाले लागली हे खरं, चूक यायची होती. पण दुसऱ्याच दिवशी तू तो उभारला अन् गल्लीभर सांगतलं की हा खास आमच्या जावईबापूसाठी आहे. ज्या माणसानं एकतीस वर्ष थेंब सांडला नाही त्याले तू असं म्हटलं. वहिनीनं पाण्याचा गिलास आणला होता, तो तसाच ठेवून हे उठले, अन् तेव्हापासून तुह्या दारात आले नाहीत. पाठ तं दोन वर्षांची आहे, दादा. हे सात वर्षांचं आहे. लॅपटॉपनं गाडी सुधारते, तो ब्रेकर तुलेच सुधारा लागते. लग्नाआधी तोड. कोणी विचारलं तं नगरपालिकेनं तोडला म्हण, मले चालते.

ता.क. तिसरा. हे पत्र नरेशच्या हातानं पाठवत आहे, तो दुर्गले रेल्वेत गार्ड आहे, सोमवारी नागपूरले गाडी घेऊन येते. त्याले द्यायले दारात गेली तं यायनं मागून हात पुढं केला अन् चष्मा मागतला. सगळं वाचलं. भिंतीतून ऐकणाऱ्यापासून काय लपते. म्हणाले, देवरावले लिही, ब्रेकर तोडू नोको, त्याच्यावरून गाडी कशी काढतात ते त्याले दाखवायचं आहे. फक्त दारात पाण्याचा गिलास घेऊन त्यानं स्वतः उभं राहावं.

दादा, ब्रेकर तू तोडच. अन् गिलास काठोकाठ भर, त्यायच्या हातून सांडत नाही.