तात्यासाहेबांच्या बोरचा पॉइंट

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप बद्रीनाथ मामांना कावेरीचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, मामींचे गुडघे आणि बोरच्या गाडीचा कंप्रेसर, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. आईचं पित्त सोडलं तर इकडे सगळे बरे आहेत. (फोनच केला असता, पण गाडी चालू असली की तुम्ही काहीही न ऐकता नुसतं "व्हय, व्हय" म्हणता, आणि या कामाला तेवढं पुरणार नाही.)

तेलविहिरी कशा खोदतात ते मी सध्या शिकते आहे, हे आईने सांगितलंच असेल. (तिने "पेट्रोल पंपाचा कोर्स" असं सांगितलं असेल तर ते बरोबर नाही.) छावणीत सायकलच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे फारूख सर शिकवतात. त्यांचं सगळं आयुष्य रिगवर गेलं. मामा, तुम्ही हवा मारून दगडाचा भुगा वर काढता. तिथे चिखल खेळवतात. पोकळ पाइपातून तो खाली जातो, दगड फोडणाऱ्या बिटला गार करतो, भुगा घेऊन बाजूने वर येतो, आणि शिवाय आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. हलका झाला तर वायू उसळतो, जड झाला तर दगड फुटतो. असा तोल सांभाळणारं माणूस मी आपल्या घराण्यात पाहिलेलं नाही. सर म्हणतात, "बेटा, बावडी बातां करती, सुनने कू कान होना." कधी कधी त्या भुग्यात बारीक शिंपले येतात, म्हणजे जमिनीखाली जुना समुद्र निजलेला असतो. हे ऐकलं त्या दिवशी मी सिटी बसमध्ये डोळे उघडे ठेवून बसले होते, तरी मुकुंदवाडी मागे पडली आणि थेट चिकलठाण्याला उतरले.

आता गुजरातेतल्या एका रिगवर सहा महिन्यांच्या उमेदवारीचं बोलावणं आलं आहे. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, तेव्हा अण्णांना आनंद झाला. तो आनंद चहा गार होईपर्यंत टिकला. मग ते म्हणाले, "आधी आडूळकडचं स्थळ बघून घेऊ. त्यांचा नकार आला तर जा."

त्याप्रमाणे मुलाचे वडील तात्यासाहेब आणि मंडळी बघायला आली. मुलगा सज्जन वाटला (बोललाच नाही). त्याच्या आजीने, भागूबाईंनी, काय शिकलीस म्हणून विचारलं, तर मी चिखलाबद्दल मनापासून सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत पोह्यांवरची कोथिंबीर सुकली. तात्यासाहेबांना त्यातलं एकच कळलं, की पोरगी बोरची इंजिनीअर आहे. रविवारी आम्ही त्यांचं घर बघायला गेलो, तर त्यांनी घराऐवजी आम्हाला मोसंबीच्या बागेत नेलं. चार बोर कोरडे गेलेत म्हणे. भागूबाईंनी माझ्या तळहातावर नारळ आडवा ठेवला.

"दाव बाई पॉइंट."

मी म्हणाले, "आजी, जागा भूगर्भवाले ठरवतात. आम्ही फक्त खोदतो."

"आमचा पाणाड्या दुसरी नापास हाय, तरी दावतो. तू तं कालिजात गेली."

आईने मागून चिमटा काढला, म्हणून चालू लागले. खाली काय असेल, कुठली नदी कधीची गाडली गेली असेल, असं मनात येत होतं. तेवढ्यात ढेकळाला अडखळले आणि नारळ हातावर उभा राहिला.

"हिच्या हाताला पाणी हाय," भागूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिथेच हळदकुंकू वाहिलं. ठेच लागली म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "ठेच बी उगं लागत नसती." आता ठरलं आहे ते असं: पाणी लागलं तर त्याच आठवड्यात साखरपुडा, आणि कोरडा गेला तर स्थळ मोडलं. आणि बोर मारायला त्यांनी गाडी सांगितली आहे ती तुमचीच.

बाकी ठीक. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
कावेरी

ता. क. मामा, कंप्रेसर सहा महिने बिघडवता येईल का? तोवर मी जाऊन येईन.

ता. क. २. वरचं खोडलं असं समजा. पानं गळालेली मोसंबी मी डोळ्यांनी पाहिली आहे, झाडांनी माझ्यासाठी का थांबावं? गाडी वेळेवर न्या. फक्त जाताना स्वतःचा एक नारळ घेऊन जा, दोनचार पावलं इकडेतिकडे करा आणि पॉइंट तुमचा म्हणून सांगा. मग पाणी लागो न लागो, त्यात माझा हात राहणार नाही, म्हणजे साखरपुडाही टळेल आणि गुजरातची गाडी मला मिळेल. नारळावर माझा काडीचा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ता. क. ३. मात्र मारा हळदकुंकवावरच. आणि किती फुटांवर लागलं ते मला एकटीलाच कळवा.