नकाशा आमचा होता

बाबा,

तुम्ही बांधलेली टाकी गेले सात दिवस काठोकाठ भरलेली आहे आणि ओळंबा जागचा हललेला नाही. हे मला आज दुपारी सेनगावहून पाणीपुरवठा खात्याच्या इंजिनिअर बाईंनी फोनवर सांगितलं. मी सवयीने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. पाणी नावाला उतरलं, बाहेरून कुठे ओल नाही, सहाही खांब सरळ. बांधून अकरा वर्षं झाली, पण पूर्ण भरून ती टिकली ती आत्ताच. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

तुम्ही पंचवीस वर्षं सरकारी कामं केलीत. नाल्यावरचे पूल, शाळेच्या खोल्या, दवाखान्याचं कुंपण. त्या सगळ्या कामांत नकाशा खात्याचा असे. ओव्हरसियर साहेब निळ्या कागदाची गुंडाळी घेऊन येत, तुम्ही ती ओट्यावर पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवत. पाया किती खोल, खांबात गज किती, सगळं कागद सांगे. कागद चुकला तर खातं चुकलं, काम चुकलं तर तुम्ही. टाकीचं टेंडर तसं नव्हतं. आपला तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता आणि तुम्ही परभणीहून तो कागद घेऊन आलात. स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून आम्हाला समजावून सांगता आहात. खात्याने एवढंच लिहिलं होतं की टाकीत इतकं पाणी मावलं पाहिजे, ती इतक्या उंचीवर पाहिजे, आपल्या गावात पाहिजे. नकाशा ठेकेदाराने आपला आणायचा, खात्याकडून तपासून घ्यायचा, त्याबरहुकूम टाकी बांधायची, सात दिवस भरून दाखवायची आणि मगच ताब्यात द्यायची. आखणारा आणि बांधणारा एकच. काम लवकर होतं, आणि हे तुझं ते माझं असा वाद राहत नाही.

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "म्हंजे बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या, ते आधीच ठरलं."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "सगळं आपल्याच डोक्यावर."

नकाशासाठी तुम्ही औरंगाबादचा डिझायनर गाठलात, त्याने पहिला प्रश्न जमिनीचा विचारला. तुम्ही शाळेमागे खड्डा घेतलात, सहा फुटांवर पक्का मुरूम लागला, त्यावर त्याने पाया आखला. खात्याने नकाशा मंजूर केला. आखणीच्या दिवशी मी सुट्टीवर गावी आलो होतो, तिथेच होतो. चुन्याची रेघ मारून होते न होते तोच सरपंच चार माणसं घेऊन आले. शाळेमागे बाजाराच्या दिवशी विकायचे बैल उभे राहत, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

"टाकी हितं आली तर बैलं कुठं बांधायची? तुमच्या टाकीवर चढवायची का?"

"मग कुठं म्हणता?"

"ते काय, लिंबाच्या पल्याड. चाळीस पावलं. चाळीस पावलांत जमीन बदलते काय?"

ओव्हरसियर साहेब सायकलला टेकून उभे होते. म्हणाले, "घ्या सरकवून. लोकांना तकलीफ नको." आणि तुम्ही म्हणालात, "बराबर."

मी या जागेशी पुष्कळदा थांबलो आहे. जुन्या कामात यात काहीच चूक नव्हती. साहेब म्हणाले सरकवा, की तुम्ही सरकवायचं. कागद बदलायची जबाबदारी कागद ज्याचा त्याची, म्हणजे त्यांची. या वेळी कागद तुमचा होता. लिंबापलीकडे नवा खड्डा घ्यायला हवा होता, डिझायनरला कळवायला हवं होतं, पाया पुन्हा आखून घ्यायला हवा होता. स्वयंपाकघरात हे आम्हाला समजावणारे तुम्हीच, पण चुन्याच्या रेघेशी उभं राहिल्यावर पंचवीस वर्षांची सवय पुढे झाली. खोदताना चार खांबांना मुरूम लागला. उरलेल्या दोन खांबांखाली जुना बुजलेला नाला होता, अकरा फुटांपर्यंत काळी माती. तुम्ही तिथे जास्त खोल गेलात, मुरूम आणि दगड ठोकून भरलेत आणि काम पुढे नेलंत. मनाला पटेल असंच केलंत. फक्त डिझायनरला विचारलं नाहीत.

टाकी भरून दाखवायच्या दिवसांत तुम्ही खाली बाज टाकून राहिलात. जिथे ओल दिसेल तिथे खडूने गोल करायचा, दुसऱ्या दिवशी ओल त्या गोलाबाहेर गेली का ते बघायचं. ओल वाळून गेली. पण चौथ्या दिवशी ओळंबा दोन बोटं सरकला आणि पाइपाचा सांधा उघडला. गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, "ऊन लई हाय ना, टाकी बी लिंबाच्या सावलीला चालून राहिली." लोक हसले. तुम्ही पाणी सोडून द्यायला सांगितलंत आणि वर न बघता ते वाहून जाईपर्यंत उभे राहिलात.

मी तेव्हा दोन वर्षांपासून हिंगोलीत वार्ताहर होतो. बातमी मीच पाठवली: खात्याच्या सदोष नकाशामुळे टाकी कलली. नकाशा कुणाचा हे मला माहीत होतं. पण सरकारी कामाचा नकाशा सरकारचाच असतो असं वाचणारा धरून चालतो, आणि मी त्याचा फायदा घेतला. बातमीत तुम्ही कुठेच नव्हता. ओव्हरसियर साहेबांचं नाव मात्र हुद्द्यासकट होतं. आठ दिवसांत त्यांची चौकशी लागली. त्यांची नोकरी दोन वर्षं उरली होती.

तुम्ही एसटीने हिंगोलीला आलात. माझ्या खोलीत पाणीसुद्धा घेतलं नाहीत. पेपर टेबलावर ठेवलात.

"नकाशा कुणाचा व्हता?"

"आपला."

"मग असं काहून लिहिलंस?"

मी म्हणालो, सरकवा असं तेच म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "ते म्हणले. पण मान मी हालवली. कागद माझा असताना मी त्यांना साहेब समजलो, ही माझी चूक हाय. त्या मानसाची न्हाई. घे, लिही."

मग तुम्ही सांगत गेलात आणि मी पेपरात द्यायचा खुलासा लिहीत गेलो. नकाशा आमचा होता. जागा बदलली तेव्हा आम्ही जमीन पुन्हा तपासली नाही. संबंधित अधिकाऱ्याकडे याचा दोष नाही. खाली तुम्ही सही केलीत, मोठी, अंगठ्याएवढी. तिथून तुम्ही थेट खात्यात गेलात आणि तेच तीन पानांत लिहून दिलंत, कोणत्या खांबाखाली किती फुटांवर काय लागलं याच्या आकृतीसकट. त्या तीन पानांवर साहेबांची चौकशी मिटली. मग डिझायनरला जागेवर बोलावून तुम्ही सहाही खांबांचे पाये उघडे केलेत आणि काँक्रीटच्या एका गोल पट्ट्याने एकमेकांना बांधलेत. ओळंबा थांबला. तरी खात्याने भीतीपोटी हुकूम काढला, टाकी निम्मीच भरायची. निम्मी टाकी आपल्या वरच्या गल्लीपर्यंत येता येता संपे. आई हापशावरून पाणी आणत राहिली. तुम्हाला ते रोज दिसत होतं.

एकदाच विचारलंत, "ते छापून आलं का रे?"

"वरच्यांनी कापलं," मी म्हणालो.

"पुन्हा धाड."

यंदा नवी योजना आली. तुमची टाकी पाडून नवी बांधायची असं ठरत होतं, तीही ठेकेदाराच्याच नकाशावर. इंजिनिअर बाईंनी जुनी फाईल काढली. मला म्हणाल्या, "तुमच्या वडलांनी फुटाफुटाचा हिशोब दिलाय. स्वतःच्या विरोधात इतकं नीट कुणी लिहून देत नाही. म्हटलं, पाडायच्या आधी त्यांचा पट्टा भरवशाचा आहे का ते भरून तर पाहू." सात दिवस त्यांचा माणूस ओळंब्याशी बसला. आज निकाल आला. टाकी राहणार.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "फाईलला तुमच्या पेपरातली जुनी बातमी लावलेली आहे. तिचा खुलासा नंतर आला असेल ना? कात्रण असेल तर द्या, सोबत जोडते." मी म्हणालो, पाहून सांगतो.

पाहण्यासारखं काही नाही. तुमचा खुलासा कुणी कापला नव्हता, बाबा. मी तो पाठवलाच नव्हता. पहिल्यांदाही नाही आणि तुम्ही पुन्हा धाड म्हणालात तेव्हाही नाही. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की तुमची अब्रू राखतो आहे. खरं तर आपली बातमी चुकली असं आपल्याच पेपरात छापून यायला मला नको होतं. साहेब चौकशीतून सुटले ते खात्याच्या फाईलमध्ये. गावाने वाचलं ते मी लिहिलेलं, आणि पुढे कुणी ते खोडलं नाही.

सोमवारी सकाळी वरच्या गल्लीला पूर्ण दाबाने पाणी सुटेल असं बाई म्हणाल्या. त्याची बातमी उद्या संध्याकाळी सहापर्यंत द्यायची आहे. तिच्यात नकाशा कुणाचा होता ते लिहीन, आणि जुनी बातमी चुकीची होती हेही. वरचे छापतील की नाही, ते उद्या कळेल. पण साहेबांनी ते पेपरात वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकलं पाहिजे. ते हिंगोलीतच असतात. बाजारात दिसले की मी आजवर रस्ता बदलत आलो. उद्या रविवार आहे, सकाळी ते घरी असतील.