एकच रेघ

३ एप्रिल, गुरुवार

एकच रेघ.

दवाखान्यात कोणी यायच्या आत मागच्या मोरीत जाऊन गरोदरपणाचं किट केलं. पाकिटातलं शेवटचं. नवी पुढच्या आठवड्यात यायची आहेत. चार दिवस वर गेले होते. चारच! तेवढ्यावर मी काय काय मांडून बसले होते. मुकुलला कसं सांगायचं, सासूबाईंना कधी, रजा कुठून टाकायची. पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. दुसरी बाई असं करायला लागली की मीच म्हणते, अगं एक म्हणजे एक. नर्स ना मी! तशीच टाकली केराच्या बादलीत आणि तोंडावर पाणी मारलं.

आणि दार उघडते तर पहिली कोण उभी? मैना! वाडीवरनं चालत आलेली, कडेवर धाकटी सानवी, तोंडभर हसू. थोरला पहिलीत. नवरा केरू मुंबईला हॉटेलात. शिमग्याला येऊन गेला, मे महिन्यात परत येणार. म्हणून तिला तीन महिन्यांचं इंजेक्शन हवं. आता तिसरं नको म्हणते. मूल नको म्हणून ही सुई टोचून घ्यायला येते, आणि मूल हवं म्हणून मी कोल्हापूरला जाऊन किती सुया टोचून घेतल्या ते माझं मला ठाऊक. सात वर्षं! देणाऱ्याला काही हिशोब आहे की नाही?

पाळी कधी आली विचारलं. पाडव्याला म्हणाली. जरा जरी शंका असली तर किट करायचं असं आम्हाला शिकवलंय. पण पाडव्याला म्हणाली ना, मग झालं. आणि किट होतं कुठे!

सुईला बसायच्या आधी तोंडाचा पट्टा चालूच. "तुमचं बरं आहे बाई. स्कूटी हाय, पगार हाय, पाठी पोरांची कटकट नाय." मी रजिस्टर पुढे ओढलं. हात धुवायला मागे गेली आणि आली ती गप्पच. "बाई, एक विचारू?" म्हणाली. विचार म्हटलं, तर नको, राहू दे. सुईला घाबरली असणार. डॉक्टरांनी मला विचारलं, सगळं विचारलंत ना? हो म्हटलं. त्यांनी सही केली. मी टोचलं. नेहमीपेक्षा जरा जोरात टोचलं असेल. असेल कशाला, टोचलंच.

मग नेहमीचं सांगितलं— पाळी मागेपुढे होईल, बंदही होईल, मळमळेल, अंग भरेल, घाबरून धावत येऊ नकोस.

४ एप्रिल

पाळी आली. सासूबाईंनी देवाजवळची निरांजनं माझ्या हातातून नुसती काढून घेतली.

२४ एप्रिल

मैना आली होती. काम काही नव्हतं. ओल्या काजूचे गर आणले होते पळसाच्या पानात. "सोलून आणलेत बाई, तुमचे हात खराब नको व्हायला." मला ही लाडीगोडी कळत नाही. सुई फुकट आहे, त्याच्या बदल्यात काही द्यायचं नसतं.

आणि एक लक्षात आलं. सानवीला आत आणलं नाही. बाहेर पायरीवर आमच्या आशाताईजवळ, गंगाजवळ, बसवून आली. नाहीतर ती पोर आत येऊन माझ्या टेबलाखाली शिरते, स्टेथोस्कोप ओढते, माझ्या मांडीवर चढून बसते. आज दारातून डोकावली तर मैनानं डोळे वटारले, "तिथंच बस." का? मला दृष्ट लावणारी समजते की काय?

घरी येऊन मुकुलला सांगितलं. म्हणाला, तू फार विचार करतेस. त्याला शाळेचे निकाल लावायचे होते.

काजूची उसळ मात्र छान झाली. सगळ्यांनी मिटक्या मारून खाल्ली. मी नाही खाल्ली.

१५ मे

आजही पोर बाहेरच. आता माझी खात्रीच झाली. वांझ बाईची सावली नको पोरावर! गावच्या बायका असं करतात हे मला माहीत आहे, दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय. पण मैना? जिच्या दोन्ही बाळंतपणांत तिचा हात धरून मी उभी होते ती?

१८ मे, रविवार

पालीच्या बाजारात दिसली दोघं. केरू आलाय. कुणाची तरी मोटरसायकल मागून आणलेली, ती मागे बसलेली, डोक्यात अबोलीचा वळेसर, एक पोर पुढे टाकीवर, एक दोघांच्या मधे. एका गाडीवर चौघं आणि वर आंब्याची करंडी! मी आणि मुकुल आमच्या गाडीत. मागची सीट रिकामी. तिच्यावर भाजीची पिशवी.

ओळखीचं हसली. मी हॉर्न वाजवला. बोलायला थांबले नाही.

तिचं काय खुपतं माझ्या डोळ्यांत? पैसा नाही, नवरा वर्षातून तीनदा येतो, कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. तरी खुपतं. लिहून टाकते इथे, नाहीतर हे सांगणार कोणाला?

५ जून

मैना. मळमळतं, पोट फुगल्यासारखं वाटतं, पाळीचा पत्ता नाही. मी मान वर न करता सांगितलं, इंजेक्शनचंच आहे ते, मी बोलले नव्हते का? बरं म्हणाली. मी सांगितलेलं तिला सगळं खरं वाटतं.

जाताना दारात वळली तेव्हा पाहिली. अंगानं भरलीय. चेहऱ्यावर तर असं काही तेज आलंय की बघत राहावं. बायका पार्लरमध्ये हजार रुपये घालून येतात तेव्हा येत नाही. मूल न होण्याचं औषधसुद्धा हिला मानवलं! आणि मला मूल होण्याची औषधं घेऊन घेऊन तोंडावर वांग आले.

३ जुलै, गुरुवार

अक्षर बघा काय आलंय आज.

मैना दुसऱ्या इंजेक्शनला आली. लावणी चालू आहे म्हणून घाईत होती. सहज बोलली की वाकायला होत नाही, आणि संध्याकाळी बसलं की पोटात वारा फिरतो. मी सिरिंज काढत होते. ती ठेवली. म्हटलं, झोप बघू जरा.

हाताला आधी कळलं. बेंबीच्या जरासं खाली, गोल, टणक. किती बायकांच्या पोटावर हा हात ठेवलाय मी! तो चुकत नाही. मीच चुकले. गेल्या महिन्यात ती समोर बसून एकेक लक्षण सांगत होती आणि मी तिच्या तोंडावरच्या तेजाचा हेवा करत होते. नवशिक्या पोरीलासुद्धा कळलं असतं.

डॉक्टरांनी तपासलं. चार महिने होऊन गेलेत. म्हणजे शिमग्याचं. म्हणजे मी सुई टोचली त्या दिवशी ते आत होतंच.

मला बाजूला घेऊन म्हणाले, किट का नाही केलं? म्हटलं, संपली होती. खोटं नाही ते. संपलीच होती. कोणी संपवली ते त्यांनी विचारलं नाही.

मैना तेवढ्यात उठून बसली. रडली नाही, माझ्यावर ओरडली नाही. एवढंच विचारलं, "सुई त्याला लागली नसंल ना, बाई?"

५ जुलै

रत्नागिरीला सोनोग्राफी झाली. मीच घेऊन गेले स्कूटीवर, रजा टाकून. सगळं नीट आहे. त्या इंजेक्शननं सहसा बाळाला काही होत नाही, वजनावर लक्ष ठेवू म्हणाल्या तिथल्या डॉक्टरीणबाई. नको असेल तर कायद्यानं अजून थोडा वेळ आहे, पण ठरवायचं ते लवकर ठरव, तुझं तू, असंही सांगितलं. मैना म्हणाली, केरूशी बोलते फोनवर.

खरं लिहू? पडद्यावर ते हलताना दिसलं आणि मला वाटलं, नको म्हणावं हिनं. माझ्या चुकीची खूणच राहायला नको, आणि रोज हे पोट वाढताना बघायला नको. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, नको असेल तर मला दे! माझ्या हातानं ज्याला सुई टोचली त्याच्याकडेच हात पसरत होते मी. स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. भाट्याच्या पुलावर गाडी थांबवून दोन मिनिटं उभी राहिले. मागे बसलेल्या मैनानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला. डोळ्यात काही गेलंय म्हटलं.

१४ जुलै

ठेवणार आहे. केरू म्हणाला म्हणे, एवढ्या सुईतून राहिलंय तर राहू दे. आणि आता ते चांगलं हलतं, लाथा मारतं.

हे सगळं मला गंगानं सांगितलं. मैनानं नाही! तपासते मी, नोंद मी ठेवते, आणि पोर हललं ते मला तिसऱ्याकडून कळतं! गेल्या खेपेला समोर बसली होती तेव्हा मी विचारलं, हलतं का? तर खाली बघून म्हणाली, थोडंथोडं. पदर पोटावर ओढून घेतला. माझी नजर लागू नये म्हणून!

चूक माझी आहे, मान्य. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण हे पदर ओढणं मला सहन होत नाही.

१७ जुलै

किटचं तिला सांगायला हवं. आज जीभ रेटली नाही.

७ ऑगस्ट

आज राहवलं नाही. सानवी पुन्हा पायरीवर. मी दार लोटलं आणि तोंडावरच विचारलं, मैना, माझ्या नजरेची भीती वाटते का तुला?

ती हळू म्हणाली,

"नजर कसली, बाई. पाडव्याला मला नुसते दोन थेंब आलेले. किट करा म्हणून बोलणार व्हते त्या दिवशी. हात धुवायला मागे गेले तर बादलीत पट्टी. एकच रेघ. सकाळपासून आत तुमीच एकट्या. आनि मी आत्ताच 'तुमचं बरं आहे' बोलून आलेले. मंग तोंडातून शब्द नाय निघाला. तवापासून पोरीला तुमच्यासमोर नाचवायला बरं नाय वाटत. माझ्या दोन रेघा आल्या असत्या तर आधी तुमीच बघितल्या असत्या ना?"

बीपी घ्यायचं राहूनच गेलं. उठून बाहेर गेले आणि सानवीला उचलून आत आणलं.