लिओनोरची शिकवणी

प्रिय आई,

"माझ्या नातीला माझ्यापुरती मुकी केलीस," असं म्हणून सहा वर्षांपूर्वी तू तिकडे मेक्सिकोत, सबिनासला फोन आपटलास. खरं कारण मी तेव्हाही सांगितलं नाही. लहानपणी इथे टेक्सासच्या शाळेत मी स्पॅनिश बोलले की मला वर्गाबाहेर उभं करायचे. म्हणून लिओनोरशी मी पहिल्यापासून इंग्रजीच बोलले.

आता तिच्या शाळेत अर्धा दिवस स्पॅनिशमधून शिकवतात. घरी आली की ती माझी शिकवणी घेते. तिला वाटतं, मला स्पॅनिश येतच नाही. मीही मुद्दाम अडखळते.

काल म्हणाली, "आई, जमतंय की तुला. आजीला फोन लावू या? चुकलीस तर मी आहे ना."

मी म्हटलं, अजून थोडी तयारी होऊ दे.

अजून वर्गाबाहेरच उभी असलेली,
तुझी नेल्दा