सहीनिशी ‘टाइट’

तीर्थस्वरूप ताईंना,

वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुमचा गुडघा काय म्हणतो? साडूबुवांचा खोकला? तुमच्या धाकट्या बहिणीची प्रकृती विचारत नाही; आठ दिवस ती तुमच्याकडे आहे, म्हणजे माझ्यावाचून सुधारतच असणार.

तिने जे सांगितलं असेल ते सगळं खरं आहे. तरी माझंही ऐका. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या ‘टाइट’ हे इंग्रजी विशेषण माझ्या वाट्याला आलं आहे (गुरुजींनी संस्कृत शब्दरूपं घोकून घेतली ती याचसाठी!). कचेरीचा नियम असा की, शब्द कुणी वापरला की चिठ्ठीवर वाक्य, स्थळ, तारीख लिहायची आणि बोलणाऱ्याची सही घ्यायची. ऐकीव माल चालत नाही. त्यामुळे नळ टाइट करणाऱ्या प्लंबरची ओली सही घेतली, बाहीबद्दल कुरकुरणाऱ्या शिंप्याची घेतली, वेळापत्रकावरून करवादणाऱ्या साहेबांची घेतली. भर दुपारी खांबाला मिठी मारून ‘मी अजिबात टाइट नाही’ म्हणणाऱ्या एका सद्गृहस्थांची सही तर चिठ्ठी ओलांडून माझ्या बाहीवर आली. संस्कृतात दृढ, गाढ, मत्त अशी माणसं वेगवेगळ्या कामांना ठेवली आहेत. इंग्रजांनी या एकट्याला सगळ्या घरात राबवलं आहे.

आणि तुमची बहीण म्हणजे तर खाण! बरणीचं झाकण टाइट, नवी चप्पल टाइट, ‘तोंड टाइट करून बसू नका’. सुरुवातीला ती हसत सही करायची. पुढे नुसतीच करायची. हा फरक चिठ्ठीवर नोंदवायची सोय नव्हती.

त्या मंगळवारी ती स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, ‘‘अहो, छातीत कसंतरी टाइट वाटतंय. जरा जवळ बसता का?’’ मी ताडकन उठलो. चिठ्ठी आणायला. (या अर्थाची एकही नव्हती हो!) तिने सही केली, वळणदार, तारखेसकट. मग एकटीच डॉक्टरांकडे गेली, ‘काही नाही’ असं ऐकून आली आणि बॅग भरली. चेन लागेना, इतकी टाइट. मी चिठ्ठी काढली नाही. ही माझी प्रगती समजावी.

आपला (अजून तरी) मेहुणा

ता. क. शनिवारी येतो आहे. तिला समजावू नका. तिच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी ठेवा.

आणखी ता. क. कागद इतके चिमुकले कसे, असं वाटलं असेल. उलटून पाहा. तिच्या सहीच्या सगळ्या चिठ्ठ्या आहेत; नक्कल ठेवलेली नाही. मंगळवारची मात्र माझ्या खिशात आहे. त्या चिठ्ठीवर बोलणाऱ्याचा रकाना आहे, ऐकणाऱ्याचा नाहीच, हे मला परवा दिसलं.

शेवटचा ता. क. (हा तुकडा तिला दाखवू नका.) मागच्या पत्रात तुम्ही ‘गुडघ्याचा पट्टा टाइट होतो’ असं लिहिलं होतंत. सोबतच्या कोऱ्या चिठ्ठीवर सही कराल का?