ताईच्या चुका

प्रिय ताईसाहेब,

मुलाखत झाली. फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय. तू पढवलं होतंस तसा इस्त्रीचा शर्ट घालून, पोटात काहीतरी ढकलून वेळेआधी पोचलो. तुझं जुनं ऑफिस तू सांगायचीस तसंच आहे. एसीनं गारठलेलं, आणि कॉफीचं मशीन अजून बंदच. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तुम्हा सगळ्यांना कामावरून कमी केल्यावर त्यांनी टेबलंसुद्धा हलवलेली नाहीत.

समोर तिघं बसले होते. मधला तुझाच साहेब, 'भरती सुरू झाली की पहिला फोन तुला' म्हणणारा. आडनाव एकच असूनही मी तुझा भाऊ हे त्याच्या गावीही नव्हतं. सुरुवातीचे प्रश्न मी धडाधड सोडवले. मग त्यांनी स्क्रीनवर एक जुना प्रोग्राम लावला. ही त्यांची पद्धतच आहे म्हणे. गेलेल्या माणसाचं काम नाव पुसून उमेदवारापुढे टाकायचं आणि चुका काढायला सांगायचं.

ताई, पहिल्या चार ओळींतच मी तुला ओळखलं. तात्पुरता आकडा ठेवायच्या जागेला जगात दुसरं कोण 'बोका' म्हणेल? त्यावरून तिघं खो खो हसले. मीही हसलो. हसायला नको होतं, पण दात निघाले खरे.

मग तू शिकवलंस तसंच केलं. प्रोग्राम चालवायच्या आधी खालून वर वाचत गेलो, प्रत्येक ओळीला 'आणि हे आलंच नाही तर?' असं विचारत. दोन किरकोळ चुका सापडल्या. तिसरीनं मात्र गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी दोनदा चढत असणार. वर तारीख होती, बाबा हॉस्पिटलात होते त्या आठवड्याची. तू तिथल्या बाकड्यावर बसून हे लिहिलं असणार. 'हे माझ्या ताईचं आहे' असं तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. साहेब म्हणाला, असा माणूस आधीच मिळायला हवा होता. माझी कानशिलं तापली. राग त्याचा आला की माझा, देव जाणे.

उठताना धीर करून विचारलं, जागा किती आहेत? एकच, म्हणाला. आणि जुन्या लोकांना परत बोलावणार का? छे, तो विषय संपला. चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज म्हणाला गं.

दोघंही लागलो तर एकच खोली घेऊ, स्वयंपाक आळीपाळीनं करू, असं तू ठरवून टाकलं होतंस. आज सकाळी त्यांचा फोन आला. आईची औषधं, तुझा बंद झालेला पगार, माझं वर्षभर बेकार राहणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि तुला न विचारता मी हो म्हणून बसलो. सोमवारी रुजू होतोय, तुझ्याच जागेवर. आई सांगते, आंघोळीला जातानाही तू फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतेस. आता ठेवू नकोस, ताई. माझ्याशी भांड, शिव्या घाल, वाटलं तर बोलू नकोस. पण त्यांच्या फोनची वाट बघू नकोस. तो तुला यायचा नाही.

तुझंच,
शेपूट